ज्योतीवर जमणारा बर्फ

खाली गॅसची निळी ज्योत, वर बर्फाचा ट्रे. मधे मोटर नाही, पंखा नाही, कसला आवाज नाही. मोटरहोममधल्या गॅसच्या फ्रिजची पाठ कुणी उघडून दाखवली की माणूस वाकून वाकून पाहतो. तापवल्यावर गार होतंच कसं?

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर वर्षी ऑगस्टअखेर ‘कॅरॅव्हान सलॉन’ भरतं. तिथे असे प्रश्न पावलोपावली पडतात. 1962 साली एसेन शहरात सुरू झालेलं आणि 1994 पासून ड्युसेलडॉर्फला आलेलं हे प्रदर्शन, चाकांवरच्या घरांचं जगातलं सर्वांत मोठं. नव्याकोऱ्या गाड्यांपुढे गर्दी असतेच. पण ज्यांच्याकडे गाडी आधीपासून आहे, ते सुट्या सामानाच्या दालनांत रमतात. कित्येक जण स्वतःचं मोटरहोम घेऊनच येतात, शेजारच्या वाहनतळावर मुक्काम करतात आणि आपल्या घरात काय बदलता येईल याचा शोध घेत दिवसभर फिरतात.

आधी त्या फ्रिजचं कोडं सोडवू. 1922 साली स्टॉकहोममध्ये तंत्रशिक्षण घेणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी तो शोधला. पोलादाच्या बंद नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो. ज्योतीच्या उष्णतेनं पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो, बाहेरच्या हवेनं निवून पुन्हा द्रव होतो आणि फ्रिजच्या कप्प्यामागे हायड्रोजनमध्ये उतरतो. तिथे तो झपाट्यानं उडू लागतो आणि उडताना लागणारी उष्णता कप्प्यातून ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायानं. पुढे पाणी अमोनियाला पुन्हा पोटात घेतं, हायड्रोजन मोकळा होतो आणि फेरा नव्यानं सुरू होतो. सगळी ने-आण उष्णता आणि गुरुत्वाकर्षण मिळून करतात. झिजेल असा एकही हलता भाग नाही.

म्हणूनच गाडी फार कललेली चालत नाही. द्रव आपल्या वाटेनं खाली उतरला नाही की थंडावा थांबतो. प्रदर्शनात प्लॅस्टिकच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाचरी विकायला असतात, त्या यासाठीच. चाक हळूच पाचरीवर चढवायचं आणि लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा. इतकी स्वस्त वस्तू, पण फ्रिजपासून झोपेपर्यंत सगळं तिच्यावर टेकलेलं.

पाचरीला वजन जवळजवळ नसतं, हाही तिचा मोठा गुण. कारण या सगळ्या दालनांवर एकाच आकड्याचं राज्य आहे: 3500 किलो. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर आजवर सर्वसाधारणपणे एवढ्याच वजनाची गाडी चालवता येते. रिकामं मोटरहोमच तीन टनांच्या घरात जातं. त्यात माणसं, 100 लिटर पाणी, गाद्या, भांडी, सायकली! त्यामुळे भिंती फोमच्या, दोन्ही बाजूंनी पातळ आवरण चिकटवलेल्या. उन्हाथंडीला अडवायचं आणि वजनही वाढू द्यायचं नाही, ही दुहेरी कसरत तीनेक सेंटिमीटर जाडीत साधलेली असते.

बॅटरीपाशी तर हा हिशेब डोळे दिपवतो. 100 अँपिअर-अवरची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी साधारण 30 किलोची, आणि ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बाराएक किलोची, आणि ती जवळपास पूर्ण वापरता येते. म्हणजे 60 किलोंचं काम 12 किलोंत. अट एवढीच की शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. तशा थंडीत चार्ज केल्यास आत लिथियमचा धातू साचून ती कायमची बिघडते. म्हणून चांगल्या बॅटरीत चार्जिंग आपोआप तोडणारं सर्किट असतं, काहींत तर तिला ऊब देणारा हीटरही.

या बॅटरीत वीज मावते किती? आपल्या वीजबिलाच्या भाषेत सव्वा युनिट. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी ती पाऊण तासाच्या आत संपवील. उलट एक किलो प्रोपेन जळताना जवळजवळ 13 युनिटांइतकी उष्णता देतो! छतावर सोलर पॅनेल आलं तरी हिवाळ्यात ऊब देण्याचं काम अजून बहुतेक गॅसकडे आहे, ते यामुळे. त्यातही प्रोपेनच, कारण ब्युटेन शून्याच्या जरा खाली वाफ होणं सोडतो, प्रोपेन मात्र उणे 42 अंशांपर्यंत वाफ देत राहतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं. आल्प्समध्ये बर्फावर मुक्काम करणाऱ्याला मात्र निवड करावी लागते. आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचा घेतला तर त्याचं रिकामं वजनही जवळपास निम्म्यावर येतं.

एवढा खटाटोप कशासाठी? 1931 साली दक्षिण जर्मनीतल्या इस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्स यांनी जर्मनीतलं पहिलं कॅरॅव्हान बांधलं. घरचा धंदा चाबकांचा आणि स्कीच्या काठ्यांचा, त्यासाठी सतत फिरती. त्यांची सहचरी फ्रीडेल एडेलमान चित्रकार. तिला सोबत नेता यावं आणि वाटेत चित्रं काढता यावीत, म्हणून ते ‘निवासी वाहन’ तयार झालं. एका कुटुंबाची ती गरज पुढे मोठा उद्योग झाली. पण दालनात उभं राहून दोन नळांची तुलना करणारं जोडपं आजही त्याच गरजेपोटी तिथे आलेलं असतं.

अशा प्रदर्शनाला कधी जाणं झालंच, तर प्रत्येक वस्तूची किंमत विचारण्याआधी तिचं वजन विचारा. आणि गाडी असेल तर निघण्यापूर्वी ती प्रवासाच्या सगळ्या सामानासकट वजनकाट्यावर उभी करा. किती किलो शिल्लक आहेत हा एक आकडा खिशात असला की दालनातल्या हजारो वस्तूंतून आपल्या कामाच्या मोजक्याच उरतात, आणि त्या प्रत्येकीमागचं डोकं निवांत न्याहाळायला वेळ मिळतो.