रोवणीच्या दिवसांतला डबा

जुलै-ऑगस्टमध्ये भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की साकोली, लाखांदूर, पवनीकडच्या बाया सकाळीच बांधीत उतरतात. गुडघ्याएवढ्या चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावायचे, एकेक पाऊल मागे सरकायचे. धुऱ्यावर डबा उघडला की भात, पातळ वरण आणि मिरचीचा ठेचा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या 55 किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे 1660 कॅलरी लागतात, अतिकष्टाचे काम करणारीला 2720. म्हणजे हजाराहून जास्त कॅलरींचा फरक. तो नुसत्या भाताने भरायचा तर पाऊण किलोच्या वर शिजलेला भात जादा खावा लागेल, कारण शिजताना तांदूळ पाणी पितो आणि 100 ग्रॅम भातात जेमतेम 130 कॅलरी उरतात. पोट तुडुंब भरते, पण अंगाला पुरत नाही.

स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, पिष्ट पदार्थांत 4. म्हणून मूठभर शेंगदाणे नि गूळ, वरणावर चमचाभर तेल, भातावर जवसाची चटणी एवढ्यानेही डबा जड न होता कॅलरी वाढतात. वरण घट्ट असावे, तळ्यातली मासळी किंवा अंडे मिळाले तर उत्तमच. अंगावर पाजणाऱ्या बाईला याहूनही जास्त लागते, तरी घरात ती सगळ्यांत शेवटी जेवते. रोवणीच्या महिन्यात तिचे ताट आधी वाढावे.