आकडे पायचे, घरे आपली

पाय (π) या स्थिरांकाचे आकडे सुडोकूत भरायला घेतले की चौथ्याच आकड्याला अडते. 3, 1, 4 आणि परत 1. आडव्या ओळीत एक आकडा दोनदा चालत नाही, म्हणून दुसरा 1 खालच्या ओळीत उतरवावा लागतो. पहिल्या ओळीत जास्तीत जास्त तीन आकडे, त्यापुढे एकही नाही.

नियम मी असा धरतो. चौकट नेहमीचीच, नऊ बाय नऊची. सुरुवातीला छापून द्यायचे आकडे वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचत गेले की पाय निघाला पाहिजे. मध्ये रिकामी घरे कुठेही, कितीही सोडा. पण आकडा बदलायचा नाही, क्रम मोडायचा नाही, नकोसा आकडा गाळायचा नाही. एरवी सुडोकू रचताना एखाद्या घरात 5 अडचणीचा ठरला तर तिथे 8 घालून पाहता येतो. इथे ती सोय नाही. आपल्या मालकीच्या फक्त रिकाम्या जागा.

चौकटीची वही आणि पेन्सिल घेऊन आधी आकड्यांच्या ओळी पाडायच्या. आकडा पुन्हा आला की ओळ तोडायची: 314, 15926, 53, 5897, 932, 38462, 643, 38, 32795. झाल्या नऊ ओळी! पुढचा आकडा 0, दशांश चिन्हानंतर बत्तिसाव्या जागेवरचा, पायमधला पहिलाच. सुडोकूत 0 नसतो. चौकटीच्या ओळी संपतात त्याच क्षणी चालणारे आकडेही संपतात, आणि हाती उरतात बरोबर 32.

या 32 ला सुडोकूच्या इतिहासात जागा आहे. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकी वास्तुरचनाकाराने रचलेले मानले जाणारे हे कोडे 1979 मध्ये डेलच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने आले. 1984 मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनसंस्थेने ते उचलले, आणि 1986 मध्ये तिथे दोन बंधने ठरली. छापील आकडे 32 पेक्षा जास्त नकोत, आणि त्यांची मांडणी सममित हवी. पहिले बंधन पाय काठावर का होईना, पाळतो. दुसऱ्यात मात्र फसतो. कागद अर्धा फिरवला तरी नक्षी तीच दिसायची असेल तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीत सारखेच आकडे हवेत. पहिलीत तीनच मावतात. वरच्या आठ ओळी कितीही ठासून भरल्या तरी त्यांत 27 आकडे जातात आणि नवव्या ओळीला किमान पाच उरतात. तेव्हा 32 चा आग्रह धरला तर अर्ध्या फेरीची सममिती मिळणे शक्यच नाही, हे पेन्सिल उचलण्याआधीच सिद्ध होते.

आरशातली सममिती, म्हणजे डावी बाजू उजवीसारखी, तिला अजून वाव आहे. पण ओळीत विषम आकडे असले की त्यांतला मधला थेट मधल्या उभ्या रांगेत येऊन बसतो. 38462 चा मधला 4, त्याखालच्या 643 चाही मधला 4. एका रांगेत दोन 4! अशा वेळी 2 खालच्या ओळीत ढकलायचा: 3846 आणि 2643. दोन्ही सम झाल्या, मधले घर मोकळे, तंटा मिटला. या कामातला खरा आनंद मला अशा ठिकाणी मिळतो.

पेट्यांचा जाच वेगळाच. पहिल्या ओळीतला 1 डावीकडच्या पेटीत ठेवला तर दुसऱ्या ओळीतल्या 1 ला ती पेटी बंद होते. त्याला चौथ्या घरापासून पुढे जावे लागते आणि त्याच्या मागून 5, 9, 2, 6 येतात. सहा घरांत पाच जण. पहिला 1 मधल्या पेटीत सरकवला की सगळे सैल होते.

इतके जमले तरी कोडे झाले असे नाही. उत्तर एकच हवे, आणि ते तपासायला मी संगणकावरचा सोडवणारा प्रोग्रॅम वापरतो. हाताने तपासणे हा हट्ट झाला. दोन उत्तरे निघाली तर ती शेजारी मांडून कुठे वेगळी पडतात ते पाहायचे. बहुतेकदा दोन ओळी, दोन रांगा आणि दोन पेट्या यांत चार घरे अशी असतात की त्यांतले दोन आकडे आपसांत बदलले तरी काही बिघडत नाही. त्या चारांपैकी एका घरात छापील आकडा यायला हवा. नवा आकडा आणता येत नाही, म्हणून जवळचाच एखादा एक घर सरकवायचा. तो सरकला की दुसरीकडे आधार सुटतो, आणि तिथली चार घरे मोकळी होतात.

आकडे फार कमी असूनही चालत नाही. 17 पेक्षा कमी छापील आकड्यांवर एकच उत्तर असलेले सुडोकू होत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने 2012 मध्ये संगणकाने दाखवून दिले. शिवाय नऊपैकी आठ अंक तरी दिसले पाहिजेत. दोन अंक पूर्ण गायब असतील तर उत्तरात त्यांची अदलाबदल करता येते. ई हा स्थिरांक इथेच आपटतो. 2.718281828459 नंतर लगेच 0. तेरा आकडे, आणि त्यांत 3 नाही, 6 नाही. दोनचे वर्गमूळही तेराव्या दशांशालाच 0 वर येते, सुवर्ण गुणोत्तर तर चौथ्यालाच. म्हणून पायखेरीज इतरांसाठी मी 0 ला रिकामे घर मानतो. ही सवलत मला रास्त वाटते. 0 गाळून पुढे जाणे नाही वाटत, कारण मग वाचताना आकडा खोटा निघतो. ई मध्ये सुरुवातीलाच 8 ची गर्दी असल्याने वरच्या चार ओळींत एकेक 8 उघडा पडतो, आणि कोडे सोपे होण्याकडे झुकते.

लॉरा टालमन आणि फिलिप रायली या कोडेकारांनी पाय दिनासाठी उलटीच वाट धरली. बारा बाय बाराची वेड्यावाकड्या विभागांची चौकट, आणि प्रत्येक ओळीत, रांगेत, विभागात पायचे पहिले बारा आकडे: दोन 1, दोन 3, तीन 5, आणि 7 एकही नाही. तिथे नियमच पायपुढे वाकवला आहे. मला नियम तसाच ठेवून पायला वाकवायला आवडते.

पायमध्ये 762व्या दशांशापासून सलग सहा 9 येतात. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांच्या नावाने ती जागा ओळखली जाते. तिथून, 0 ची सवलत या वेळी पायलाही देऊन, ओळी पाडून पाहा: 9, 9, 9, 9, 9, 98372, मग 978 आणि 0 नंतर 4, मग एकटा 9, शेवटी 951. प्रत्येक ओळीचा पहिला छापील आकडा 9, म्हणजे चौकटीतले नऊच्या नऊ 9 आयतेच मिळाले. एकूण आकडे 18, आणि 6 सोडून सगळे अंक हजर. दोन्ही अटी जेमतेम पुऱ्या होतात. पण वरच्या पाच ओळींत 9 शिवाय काहीच नाही, तेव्हा यातून एकच उत्तर निघेल अशी आशा मी धरत नाही.