शाळेतली बाकं कोणाची?

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एक खटला निकाली काढला. क्लीव्हलँड आणि ॲक्रन या शहरांतल्या दहा चार्टर शाळांच्या मंडळांना आपल्या शाळा चालवणारी कंपनी बदलायची होती. कंपनीचं नाव व्हाइट हॅट मॅनेजमेंट. शाळांना मिळणाऱ्या सरकारी पैशांतले सुमारे ९५ टक्के कराराप्रमाणे थेट या कंपनीकडे जात. त्यातून शिक्षकांचे पगार, इमारतीचं भाडं, पुस्तकं, फर्निचर असा सगळा खर्च कंपनी करी. मंडळांनी फारकत मागितली तेव्हा कंपनीचं म्हणणं पडलं की बाकं, संगणक, फळे आमच्या नावावर घेतलेले आहेत, हवे असतील तर पैसे मोजा. न्यायालयाने कंपनीला सार्वजनिक पैसा वापरताना विश्वस्तासारखं वागण्याचं बंधन आहे हे मान्य केलं. पण करारात जे लिहिलं होतं ते लिहिलं होतं आणि त्याखाली मंडळांची सही होती, म्हणून मालमत्तेची किंमत देणं त्यांना भाग आहे, असा बहुमताचा निकाल लागला. करदात्यांनी एकदा विकत घेतलेली बाकं करदात्यांनीच पुन्हा विकत घ्यायची.

चार्टर शाळांवरचा वाद गेली तीस वर्षं ‘सरकारी चांगलं की खासगी’ या चाकोरीतून फिरतो आहे. या शाळांचा इतिहास जितका वाचला तितकी माझी खात्री होत गेली की गाठ वेगळीच आहे. सही कोणी केली, कोणाच्या वतीने केली आणि दिलेला शब्द मोडला तर शाळा बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? हा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला तो वापरण्यात तोटा असेल, तर बाकीची सगळी नियमावली कागदावरच राहते.

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, कोणत्याही मुलाला खुली असलेली, पण सरकारी खात्याने थेट न चालवलेली शाळा. अमेरिकेत सरकारी शाळा स्थानिक शालेय जिल्ह्याच्या हाती असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या जिल्ह्याचं मंडळ लोक निवडून देतात. चार्टर शाळेत एक स्वतंत्र विश्वस्त मंडळ शाळेला परवानगी देणाऱ्या संस्थेशी ठरावीक मुदतीचा करार करतं. ‘आम्ही मुलांना हे हे शिकवू, एवढी प्रगती दाखवू, हिशेब असा ठेवू’ हे त्यात लिहिलेलं असतं. बदल्यात शाळेला नेमणुका, वेळापत्रक आणि अभ्यासपद्धती यांत मोकळीक मिळते. मुदत संपली की करार पुन्हा तपासला जातो. आज चाळीसहून अधिक राज्यांत मिळून अशा सुमारे ८,००० शाळा आहेत आणि त्यांत ३७ लाखांच्या आसपास मुलं शिकतात.

या कल्पनेचा उगम शिक्षकांच्या बाजूने झाला, ही गोष्ट आज अमेरिकेतही फारशी सांगितली जात नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक रे बडी यांनी शिक्षकांना थेट सनद, म्हणजेच ‘चार्टर’, देण्याची कल्पना मांडली होती. तिला देशभर आवाज मिळाला तो ३१ मार्च १९८८ रोजी. त्या दिवशी अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये भाषण केलं. शिक्षकांच्या छोट्या गटाने शाळेच्या आतच नवी शाळा काढावी, संघटना आणि जिल्हा या दोघांच्या संमतीने काही वर्षं प्रयोग करावा, जे जमेल ते इतरांना शिकवावं, असं त्यांचं मागणं होतं. तीन वर्षांनी मिनेसोटाने सिनेटर एम्बर रायकगॉट यांच्या पुढाकाराने देशातला पहिला कायदा केला. तोही फार सावध होता. राज्यभरात फक्त आठ शाळा काढायच्या, त्या परवानाधारक शिक्षकांनी काढायच्या आणि मंडळावर बहुमत शिक्षकांचं असायचं. सप्टेंबर १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी सुरू झाली, ती शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी. पहिल्या वर्षी तिथे इतकी थोडी मुलं होती की ती सगळी एका वर्गात मावली असती.

पुढे कायदे राज्याराज्यांत पसरले आणि दर राज्याने त्यांना आपापला आकार दिला. शिक्षकांचं बहुमत बहुतेक ठिकाणी गळालं. बहुसंख्य चार्टर शाळांत शिक्षक संघटना उरली नाही. शँकर यांनी हयातीतच या वळणावर टीका केली होती. ती टीका मला आजही रास्त वाटते. ज्या माणसाने वर्गातल्या माणसावर भरवसा ठेवून कल्पना मांडली, त्याच्या कल्पनेतून वर्गातला माणूसच बाजूला झाला.

शाळा काढायची तर काय करावं लागतं, हे पाहायला मॅसॅच्युसेट्ससारखं दुसरं राज्य नाही. तिथला कायदा १९९३ चा आणि पहिल्या शाळा १९९५ मध्ये उघडल्या. दोन किंवा अधिक प्रमाणित शिक्षक, दहा किंवा अधिक पालक किंवा एखादी ना-नफा संस्था अर्ज करू शकते. आधी त्रोटक आराखडा द्यायचा. तो पसंत पडला तरच पूर्ण अर्ज मागवला जातो. मग मुलाखती आणि ज्या गावांतून मुलं येणार तिथे जनसुनावणी. मुलं कुठून येणार, अपंग मुलांची सोय काय, इंग्रजी घरी न बोलणाऱ्या मुलांना कोण शिकवणार, पहिल्या वर्षी पट कमी पडला तर पगार कुठून देणार, असे प्रश्न खोलात जाऊन विचारले जातात. सनद देण्याचा अधिकार एकट्या राज्य शिक्षण मंडळाकडे आहे. एकाने नाकारलं म्हणून दुसऱ्याचं दार ठोठावण्याची सोय तिथे नाही.

सनद मिळाली की विश्वस्त मंडळ हीच शाळेची सत्ता. विश्वस्तांना हितसंबंधांचा राज्य कायदा लागू होतो, आर्थिक विवरण द्यावं लागतं, बैठका जनतेला खुल्या ठेवाव्या लागतात. प्रवेशाला परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर जाहीर सोडत निघते, आधीच शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना प्राधान्य मिळतं. पाच वर्षांनी तपासनीस वर्गात येऊन बसतात आणि तीन गोष्टी पाहतात. सनदेत लिहिलं ते शाळेने पाळलं का, मुलं शिकली का, संस्था म्हणून शाळा धडपणे उभी आहे का. यातला कोणताही एक निकष कोसळला तर सनद जाऊ शकते. स्प्रिंगफील्ड शहरातली रॉबर्ट एम. ह्यूज अकॅडमी राज्य परीक्षेतल्या कॉपीच्या प्रकरणानंतर २०१० मध्ये बंद झाली.

या सोडतीने संशोधकांच्या हाती एक दुर्मीळ साधन दिलं. चार्टर शाळांचा निकाल चांगला दिसला तर शंका येतेच की जागरूक आईबापांचीच मुलं तिथे जातात, मग श्रेय शाळेचं कसं? पण सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुलं, दोघांच्याही आईबापांनी अर्ज केलेलाच असतो. फरक फक्त चिठ्ठीचा. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या मुलांचा असा माग काढला. नाव लागलेल्या मुलांनी, विशेषतः गणितात, घेतलेली आघाडी मोठी निघाली. अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारे कारण आणि परिणाम वेगळे काढण्याच्या पद्धतींसाठी.

पण बॉस्टन म्हणजे अमेरिका नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने २००९ मध्ये सोळा अधिकारक्षेत्रांतल्या शाळा तपासल्या, तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस आणि ३७ टक्के त्यांच्याहून वाईट निघाल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र पालटलं. चार्टरमधली मुलं सरासरीने वर्षाला वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे होती. मात्र पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या शाळांतली मुलं गणितात तब्बल १२४ दिवस मागे. एकाच नावाखाली इतक्या भिन्न गोष्टी नांदत असतील, तर सरासरीवरून कौल देण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन शाळांची कहाणी पुन्हा ओहायोत घेऊन जाते. तिथे सनद देणाऱ्या संस्था अनेक होत्या आणि प्रत्येकीला देखरेखीच्या बदल्यात शाळेच्या सरकारी निधीतून ३ टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येई. म्हणजे ज्या शाळेवर नजर ठेवायची, तिचा पट वाढला की उत्पन्न वाढणार आणि ती बंद केली की उत्पन्न बुडणार. इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो ही ऑनलाइन शाळा अशा वातावरणात राज्यातल्या सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक झाली. तिचे संस्थापक विल्यम लेगर यांच्याच कंपन्यांना शाळा व्यवस्थापनाचं आणि सॉफ्टवेअरचं काम मिळे. २०१६ मध्ये राज्याने मुलांच्या लॉग-इनच्या नोंदी मागवल्या. शाळेने १५,३०० हून अधिक पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले होते, पुरावा मिळाला तो साधारण ६,३०० जणांचा. शाळेची बाजू अशी की कायद्याने वर्षाला ९२० तासांचं शिक्षण उपलब्ध करून द्यायला सांगितलं आहे, मूल खरोखर किती शिकलं हे दाखवण्याचं बंधन नाही. राज्याने कोट्यवधी डॉलर परत मागितले, शाळेची तिजोरी रिकामी झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये, ऐन सत्रात, सुमारे १२,००० मुलांची शाळा बंद पडली. राज्याचं म्हणणं बरोबर होतं, हे ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर ऑगस्टमध्ये मान्य केलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे पटपडताळणी आठवल्याशिवाय राहणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभरातल्या शाळांमध्ये एकाच वेळी मुलं मोजली गेली आणि हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली नावं फार मोठ्या संख्येने उघडकीला आली. दोन्हीकडचं मूळ एकच. डोई मोजून पैसा द्यायचा आणि डोई मोजण्याचं काम पैसे घेणाऱ्यावरच सोपवायचं.

खरं तर सरकारी पैसा आणि खासगी व्यवस्थापन हे आपल्याला नवं नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेपासून तालुक्यातल्या एखाद्या विद्यालयापर्यंत आपलं माध्यमिक शिक्षण मुख्यतः अनुदानित शाळांनीच उभं केलं. शिक्षकाच्या नोकरीला १९७७ च्या कायद्याने संरक्षण दिलं. चार्टर शाळांत ते सहसा नसतं आणि त्या बाबतीत आपली व्यवस्था मला अधिक माणुसकीची वाटते. पण आपलं अनुदान पदांना जोडलेलं आहे. संचमान्यतेत पट, तुकड्या, पदं मोजली जातात. ‘पाच वर्षांत आम्ही मुलांना इथपर्यंत नेऊ’ असा शब्द संस्थेकडून कोणी लिहून घेत नाही, म्हणून तो मोडल्याबद्दल जाबही विचारता येत नाही. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरच्या महापालिकांनी आकांक्षा फाउंडेशनला काही शाळा कराराने चालवायला दिल्या. रचनेच्या दृष्टीने या शाळा चार्टरच्या सर्वांत जवळ येतात. सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेच्या शासन निर्णयात देणगीचे टप्पे आणि शाळेला देणगीदाराचं नाव देण्याची मुदत बारकाईने ठरवली गेली. हाच बारकावा मुलांच्या शिकण्याबद्दलच्या अटींसाठी वापरला असता तर मी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं असतं.

चार्टरच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट झटकन ओलांडून जातात, ती म्हणजे मागे राहिलेल्या शाळेचं काय होतं. मूल गेलं की त्याच्यापाठोपाठ निधी जातो. पण वीस मुलं सात वेगवेगळ्या वर्गांतून गेली तर एकही वर्ग बंद करता येत नाही, बसच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात, छप्पर गळायचं थांबत नाही. इतके चांगले निकाल असूनही मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव सुमारे ६२ टक्के मतांनी फेटाळला, त्यामागे ही भीती मोठी होती. त्याआधीच्या वर्षी वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी मूलभूत हरकत घेतली होती. मतदारांनी निवडलेल्या मंडळाच्या ताब्यात नसलेल्या शाळांना राज्यघटनेने सामाईक शाळांसाठी राखलेला पैसा देता येणार नाही, असा तो निकाल होता. तिथल्या विधिमंडळाला मग पैशासाठी दुसरं खातं शोधावं लागलं.

या सगळ्या प्रश्नांचं टोक गाठलं ते न्यू ऑर्लिन्सने. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने शहर बुडवलं. नोव्हेंबरमध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने शहरातल्या शंभराहून अधिक शाळा राज्याच्या ताब्यात घेतल्या आणि त्या एकेक करून चार्टर मंडळांकडे गेल्या. ७,००० हून अधिक शालेय कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि शहराच्या मध्यमवर्गाचा तो कणा होता. ट्युलेन विद्यापीठातल्या डग्लस हॅरिस यांच्या अभ्यासाने पुढच्या दशकात मुलांच्या गुणांत खरीखुरी आणि मोठी वाढ दाखवली, ती नाकारून चालणार नाही. पण सुरुवातीच्या वर्षांत अपंग मुलांना एक शाळा दुसऱ्या शाळेकडे टोलवत राहिली. २०१० मध्ये पालकांच्या वतीने खटला दाखल झाला आणि २०१५ च्या तडजोडीत बाहेरची देखरेख मान्य करावी लागली. प्रत्येक शाळा स्वतंत्र असेल, तर कोणालाच नको असलेलं मूल कोणाचं, हे कोणत्याही एका सनदेत लिहिलेलं नसतं. म्हणून २०१२ मध्ये सगळ्या शहरासाठी एकच प्रवेश अर्ज आणावा लागला. शाळेतून मुलाला कायमचं काढण्याचा निर्णयही एकेका शाळेच्या हातून काढून एका सामाईक सुनावणीकडे द्यावा लागला. मोकळीक देऊन झाल्यावर एकेक सामाईक गोष्ट अशी पुन्हा बांधत आणली गेली.

जुलै २०१८ मध्ये शाळा राज्याकडून पुन्हा शहराच्या निवडून आलेल्या मंडळाच्या देखरेखीखाली आल्या. पुढच्याच वर्षी मंडळाने स्वतः चालवलेली एकही नेहमीची शाळा उरली नाही, सगळ्या करारावरच्या. निकाल खालावले की सनदेचं नूतनीकरण नाकारायचं, ही शिस्त मंडळाने पाळली. पण शाळा बंद झाली की दरवेळी शेकडो कुटुंबांना नवी शाळा शोधावी लागे, आणि बंद शाळा चालवायला दुसरी चांगली संस्था दरवेळी पुढे येत नसे. २०२४ मध्ये एका चार्टर शाळेची मुदत संपत आली, तिच्या जागी येणारं कोणी पक्कं होईना. तेव्हा मंडळाने तिथल्या मुलांसाठी लिया चेस यांच्या नावाची शाळा काढली. तिचे शिक्षक मंडळाच्या नोकरीत आहेत आणि ती मंडळ स्वतः चालवतं.