लाकूड थंडीत का वाळवतात?

माझे वडील सुतार आहेत. आमच्या घराची पडवी हीच त्यांची कामाची जागा. दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडू लागली की पडवीत काम वाढते. सकाळी शाळेच्या आधी आणि रविवारी दिवसभर मी तेथेच असते. तेथे मी जे पाहिले आणि वडिलांना जे विचारले, ते या लेखात लिहीत आहे.

पडवीत करवत, रंधा, पटाशी, वाकस, हातोडी आणि गुण्या ही हत्यारे आहेत. आपण भूमितीत काटकोन शिकलो. तो बरोबर आहे की नाही हे वडील गुण्याने तपासतात. थंडीत सकाळी लोखंड इतके गार असते की पटाशी हातात धरवत नाही. म्हणून वडील आधी करवतीचे काम घेतात. करवत ओढली की अंग गरम होते. फेव्हिकॉलचे काम दुपारी करतात, कारण गारठ्यात तो लवकर वाळत नाही. आमची पडवी दक्षिणेकडे तोंड करून आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून ऊन पार आतपर्यंत येते. ढलप्या आणि भुसा आई पाणी तापवायला नेते.

पण थंडीतले सर्वांत मोठे काम म्हणजे लाकूड वाळवणे. त्यात हातांनी फारसे काही करायचे नसते, वाट पाहायची असते. लोकांना ते काम वाटतच नाही.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला शेजारच्या गावचे एक गृहस्थ आले. त्यांनी नवे घर बांधले होते. नुकत्याच कापून आणलेल्या फळ्या टेम्पोतून उतरवून ते म्हणाले, "पंधरा दिवसांत दार पाहिजे. वास्तुशांत आहे." वडिलांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लाकूड ओलं हाय. आत्ता दार केलं तर उन्हाळ्यात फटी पडतील. थंडीभर वाळू द्या." ते गृहस्थ थांबायला तयार नव्हते. आईने वडिलांना आत बोलावले. ती म्हणाली, "घ्या की काम. पत्रे बदलायचे हायेत." आमच्या पडवीचे पत्रे गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी गळत होते. त्या मजुरीतून नवे पत्रे आणायचे असे आईने ठरवले होते. वडील म्हणाले, "तो माणूस रोज त्या दारातून आत-बाहेर करणार. रोज माझं नाव काढील." गृहस्थ फळ्या घेऊन परत गेले आणि त्यांनी तालुक्याहून तयार दार आणले. आमचे पत्रे अजून तेच आहेत. वडिलांनी भोकांना डांबर लावले आहे.

लाकूड वाळल्यावर खरेच इतके बदलते का, हे मला पाहायचे होते. वडिलांनी मला बाभळीची एक ओली फळी दिली. ती २ फूट लांब, ५ इंच रुंद आणि १ इंच जाड होती. दर रविवारी मी ती किराणा दुकानात नेऊन वजन केले आणि वहीत लिहिले. पहिल्या रविवारी वजन २ किलो भरले. चार आठवड्यांनी १ किलो ६५० ग्रॅम झाले. परवा आठवा रविवार होता. वजन १ किलो ५२० ग्रॅम भरले. म्हणजे ४८० ग्रॅम कमी झाले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. तेव्हा माझ्या फळीतून जवळजवळ अर्धा लिटर पाणी हवेत गेले! फळी हाताला मात्र पहिल्या दिवशीही कोरडीच लागत होती.

मग मी मापे घेतली. लांबी होती तेवढीच राहिली. रुंदी मात्र जवळजवळ दीड सूत कमी झाली. (एका इंचाचे ८ सूत होतात.) असे का, हे वडिलांनी कडब्याच्या पेंढीवरून सांगितले. ज्वारीची ताटे वाळली की बारीक होतात, पण त्यांची लांबी तेवढीच राहते. लाकूड म्हणजे अशाच बारीक बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली पेंढी आहे. पाणी गेले की ती रुंदीला आखडते, लांबीला नाही. दारात तर अशा पाच-सहा फळ्या शेजारी शेजारी असतात. प्रत्येक फळी दीड सूत आखडली तर किती फट पडेल, ते तुम्हीच मोजा.

आता थंडीतच का वाळवायचे? पावसाळ्यात हवेतच पाणी असते, त्यामुळे लाकूड वाळत नाही. उलट वाळलेले लाकूडही थोडे फुगते. म्हणून श्रावणात घरोघर दारे अडकतात. उन्हाळ्यात ऊन फार कडक असते. तेव्हा लाकूड वरून भराभर वाळते, आत ओले राहते आणि त्याला तडे जातात. थंडीत हवा कोरडी असते, पण ऊन सौम्य असते. त्यामुळे लाकूड सावकाश आणि सारखे वाळते.

वाळवण्याची रीत अशी आहे :

१) फळ्या उन्हात टाकू नयेत. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवाव्यात.

२) खाली विटा ठेवाव्यात. फळ्या जमिनीला टेकल्या तर ओल आणि वाळवी लागते.

३) दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळतो.

४) फळीच्या दोन्ही टोकांना शेण किंवा जुना रंग लावावा. टोकांतून पाणी लवकर जाते आणि तेथेच आधी चिरा पडतात.

५) सर्वांत वर जड दगड ठेवावेत, म्हणजे फळ्या वाकत नाहीत.

पातळ फळीला एक थंडी पुरते. जाड तुळईला दुसरी थंडीही द्यावी लागते.

बैलगाडीच्या चाकाचेही असेच आहे. चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. चाकाचे लाकूड ओले असेल तर पुढे ते आखडते आणि धाव ढिली होते. आमच्या गावात आता लाकडी चाकाची एकच गाडी उरली आहे. तिची दुरुस्ती वडीलच करतात.

मागच्या वर्षी आपल्या शाळेची सहल लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांना गेली होती. तेथील चैत्यगृहाच्या दगडी छताला लाकडी कमानी आहेत. त्या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या आहेत, असे गुरुजींनी सांगितले. तेथे आत पाऊस येत नाही. कोरडे राहिलेले लाकूड इतकी वर्षे टिकते! घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी त्या कमानींबद्दल मला दोनदा विचारले.

आज २६ जानेवारीला पुष्कळ पालक शाळेत आले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. कुळव, पाभर, दार, चौकट काहीही करायचे असेल तर लाकूड आत्ताच घरी आणून सावलीत रचून ठेवा. मृग लागल्यावर ओले लाकूड घेऊन कुणी आमच्या पडवीत येऊ नका. वडील नाही म्हणतील, आणि नाही म्हणताना त्यांनाही बरे वाटत नाही.

— इयत्ता चौथी