दप्तर खुले, पण लुटीला नव्हे

नगरपालिकेचे दप्तर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ते आपले. पट्टी आपण भरतो, तेव्हा तिचा हिशेबही आपल्याला पाहता आला पाहिजे. हा हक्क कोणी ताटात वाढून दिलेला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामांची हजेरीपत्रके तेथे गावासमोर मोठ्याने वाचली जाऊ लागली. जे मजूर कामावर गेलेच नव्हते, त्यांच्या नावे मजुरी उचलली गेल्याचे अशा वाचनांतून उघडकीस आले. अशाच लढ्यांतून महाराष्ट्रात २००२ साली आणि सबंध देशात २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. हजेरीपत्रक चारचौघांत वाचता येणे, हे मजुराचे हत्यार आहे.

आता या दप्तराला एक नवा वाचक मिळाला आहे. तो माणूस नव्हे. तो संगणकाला दिलेला एक हुकूम आहे. 'या कचेरीच्या संकेतस्थळावर जा. पहिल्या घराची नोंद उघड, उतरवून घे. मग दुसऱ्या घराची, मग तिसऱ्या घराची.' त्याला भूक नाही, झोप नाही. एका रात्रीत तो सबंध शहर उतरवून नेतो.

पूर्वी कोणी कचेरीत बसून हजार नावे उतरवू लागला असता, तर त्याचे दिवस मोडले असते आणि कारकुनानेही विचारले असते, "अहो, एवढी नावे कशाला हो?" कागदाचा हा जडपणा हेच एक कुलूप होते. ते कोणी मुद्दाम लावलेले नव्हते. म्हणूनच दप्तर संगणकावर गेले तेव्हा ते गळून पडल्याचेही फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

कोणी म्हणेल, जे उघडेच आहे ते नेले तर बिघडले काय? बिघडते ते जोडणीमुळे. करपावतीवर घर कळते, मतदारयादीत वय कळते, पेन्शनच्या यादीत वैधव्य कळते. तीन कागद तीन कचेऱ्यांत असतात तोवर ते निरुपद्रवी. एकत्र शिवले की एकटी राहणारी म्हातारी, तिचे घर आणि तिची महिन्याची रक्कम, हे सारे ठकाच्या हाती आयते लागते. तक्रार-अर्ज करणाऱ्या कामगारांची नावे अशीच गोळा झाली, तर ठेकेदाराला काळी यादी करावयास वेळ लागणार नाही. २०१७ साली केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे पडल्याचे आधार प्राधिकरणानेच सांगितले होते. तेथे कुलूप फोडावेही लागले नव्हते.

दुसरा तोटा गर्दीचा. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेने २०२५ साली सांगितले की, जानेवारी २०२४ पासून तिच्या चित्रांची व ध्वनिफितींची उचल ५० टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ मुख्यतः यंत्रांची होती. एवढ्या मोठ्या संस्थेला जे जड जाते, ते लहान नगरपालिकेच्या यंत्रणेला कसे पेलावे? मग मार्चअखेर पट्टी भरणारा नागरिक रांगेत आणि यंत्र खिडकीशी, असा प्रकार होतो.

कायदा काय म्हणतो? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पण कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती जाहीर झाली आहे, तिला तो लागूच होत नाही; म्हणजे जाहीर यादीतून नावे उचलणाऱ्याला या कायद्याचा धाक नाही. उलट त्याच कायद्याने माहिती-अधिकाराचे एक कलम बदलले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. पूर्वी खाजगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे दाखवावे लागे. आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणणे पुरते. व्यापक लोकहित दाखवून ती मागण्याची वाट आठव्या कलमात अजून शिल्लक आहे. पण ते दाखविण्याचे ओझे अर्जदाराच्या खांद्यावर येते. चोराला दार उघडे आणि घरमालकाला अडसर, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून सावध राहिले पाहिजे. उद्या एखादा अधिकारी म्हणेल, 'यंत्रे माहिती पळवितात, सबब मस्टर दाखविता येणार नाही.' यंत्राच्या भीतीने मस्टर झाकले, तर सुटतो तो ठेकेदार.

मग उपाय काय? पहिला उपाय फुकट आहे: गरजेपुरतेच छापा. हजेरीपत्रकात नाव, काम, दिवस आणि मजुरी हवीच. मोबाइल क्रमांक, आधार आणि बँकखाते कशाला? जे छापलेच नाही, ते कोणी चोरू शकत नाही. दुसरा: अंदाजपत्रक, निविदा, ठेकेदारांची बिले ही सारी एकगठ्ठा, सुबक तक्त्यांत स्वतःहून द्या, तेथे लपविण्यासारखे काही नाही, आणि मग ती ओरबाडण्याची गरजही उरत नाही. तिसरा: माणसांच्या नोंदी एकेक करून दिसाव्यात, आणि एकाच ठिकाणाहून मिनिटाला शेकडो मागण्या आल्या तर त्या रोखाव्यात. चौथा: वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणारे कोडे जपून वापरावे, त्याने अंध नागरिक अडतो आणि हुशार यंत्र अनेकदा सुटते. यंत्रांनी कोठे शिरू नये हे सांगणारी एक पाटीही संकेतस्थळावर लावता येते. ती १९९४ पासून प्रचारात आहे. पण ती पाटीच, पहारेकरी नव्हे. सभ्य यंत्र ती पाळते, लुटारू पाळीत नाही.

यातले काहीही मुंबई-दिल्लीहून आपोआप येणार नाही. आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न विचारा: संकेतस्थळावर आमची कोणती माहिती विनाकारण उघडी आहे? आणि ठेकेदाराचा कोणता हिशेब विनाकारण झाकलेला आहे? दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारा. पहिलाच विचाराल तर दप्तर बंद होईल. दुसराच विचाराल तर गरिबाची नावे बाजारात जातील. अधिकाऱ्यांचा कारभार उघडा आणि नागरिकाचे घर झाकलेले, हीच खऱ्या दप्तराची शिस्त आहे.