दूरध्वनीवरून व्यसनमुक्ती

अमेरिकन सैनिकाच्या हाती सिगारेट दिली ती त्याच्या सैन्यानेच. दुसऱ्या महायुद्धात शिध्याच्या डब्यात अन्नाबरोबर सिगारेटीही असत. ही प्रथा १९७५ साली बंद झाली. सवय मात्र अनेकांच्या अंगी राहिली.

त्या देशातील निवृत्त सैनिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश खेड्यापाड्यांत राहतात. रुग्णालय कित्येक मैल दूर. वारंवार सल्ल्यासाठी तेथे जाणे वृद्धास कसे झेपावे? म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्यखात्याने सल्लागारच दूरध्वनीवरून त्यांच्या घरी पोहोचविला आहे. प्रथम धूम्रपान सोडण्याचा दिवस ठरतो. निकोटीनच्या पट्ट्या वा चोखण्याच्या गोळ्या टपालाने येतात. निकोटीन तुटताच चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश जडतो. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत तीव्र असतो. म्हणूनच त्या दिवसांतील संभाषण मोलाचे. जेवणानंतर तलफ आली, युद्धाच्या आठवणींनी झोप उडाली, तर काय करावे, हे आधीच ठरविले जाते.

औषध शरीराची ओढ कमी करते, संभाषण सवयीची गाठ सैल करते. दोहोंच्या जोडीने यशाचा संभव वाढतो. मध्येच एखादी सिगारेट ओढली गेली, तर सारे संपले असे मुळीच नव्हे. पुन्हा नवा दिवस ठरवावा, इतकेच.