जुनें गाणें, जुनें यंत्र

घरांत जुनी वस्तु आणावयाची म्हटलें कीं दोन पक्ष पडतातच. एक म्हणतो, "हें भंगार कशाला?" दुसरा म्हणतो, "तशी वस्तु आतां होणें नाहीं." गेल्या वर्षीं परभणीस आमच्या घरीं ग्रामोफोन घेण्याचें निघालें, तेव्हां मी दुसऱ्या पक्षांत होतों, आणि चूक माझ्याच हातून घडली. ती इतरांच्या हातून घडूं नये म्हणून हें लिहीत आहें.

आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या पुढच्या. मी पाटीवर अक्षरें गिरवीत असतांना त्या या घरांत सून म्हणून आल्या, त्या माहेरची एक लाकडी पेटी घेऊन. तींत त्यांच्या वडिलांनीं जमविलेल्या बावीस तबकड्या होत्या: बालगंधर्वांचीं नाट्यपदें, हिराबाई बडोदेकरांचीं गाणीं, अब्दुल करीम खांसाहेबांच्या ठुमऱ्या. वाजविणारें यंत्र मोडून चाळीस वर्षें लोटलीं. पेटी मात्र दर दसऱ्यास पुसली जाई. नातवानें तींच गाणीं मोबाईलवर काढून ऐकविलीं, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "बाळा, गाणें तेंच आहे, पण आमच्या आबांची तबकडी ती नव्हे."

तें ऐकून मीं एका जाहिरातीवरून पितळी कर्ण्याचा, "अस्सल व पूर्ण दुरुस्त केलेला" ग्रामोफोन मागविला. पेटी कोरी, कर्णा आरशासारखा. नारळ फोडून चावी दिली. बालगंधर्वांची तबकडी दोनदां वाजली; तिसऱ्या वेळीं आवाज खरखरला आणि काळ्या तबकडीवर करड्या रंगाचा पट्टा उमटलेला दिसला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. तबकडी पदरानें पुसून त्यांनीं पेटींत ठेवली. विक्रेत्यानें पुढें फोन घेतला नाहीं, आणि पावती मीं मागितलीच नव्हती.

मग, वरातीमागून घोडें या न्यायानें, मीं चौकशी केली. गौहरजान यांचें गाणें १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रित झालें, तेव्हांपासून पुढें अनेक दशकें आपल्याकडच्या तबकड्या लाखेंत दगडाची भुकटी मिसळून होत. त्या मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेतात. पोलादी सुई त्या भुकटीवर घासली जाऊन एका बाजूंतच छिन्नीसारखी होते. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लावावयाची असते. आम्हीं तीन वेळां एकच सुई वापरली! शिवाय नव्या पेटींत जुनी मोटार, नवा पितळी कर्णा आणि ओबडधोबड साउंडबॉक्स जुळवून केलेलीं यंत्रें "पुरातन" म्हणून पुष्कळ विकलीं जातात. आमचें त्यांपैकींच एक. चकाकी ही दुरुस्तीची खूण नव्हे, हें मला तबकडी गमावून कळलें.

दुसऱ्या खेपेस मी देवगिरी एक्स्प्रेसनें मुंबईस गेलों आणि चोर बाजारांतील मटन स्ट्रीटवर दोन दिवस हिंडलों. बिघडलेली तबकडीच बरोबर नेली होती, कारण तिची दुसरी बाजू अजून शाबूत होती. एका वृद्ध कारागिरानें ती उजेडांत तिरपी धरून पाहिली आणि कर्णा न दाखवितां एक साधा विजेचा रेकॉर्ड प्लेअर पुढें केला. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी काढली. तिची रेघ बारीक, म्हणून तिला इंचाच्या सुमारें एक सहस्रांश टोकाची सुई लागते. लाखेच्या तबकडीस ती सुमारें तिप्पट जाड हवी. या यंत्रांत ७८ ची गति होती, जाड सुई निराळी मिळाली, आणि हात इतका हलका होता कीं तबकडीवर भार पडत नव्हता.

तेव्हां वाचकहो, आधीं आपल्या घरच्या तबकड्या पाहाव्या, मग यंत्र निवडावें. आपली एखादी कमी मोलाची तबकडी नेऊन ती शेवटपर्यंत वाजवून घ्यावी; थकलेली मोटार उत्तरार्धांतच मंदावते आणि स्वर उतरतो. काय बदललें हें नेमकें विचारावें: रबरी चाक अथवा पट्टा, सुई, विजेची तार, आणि आवाज वाढविणाऱ्या भागांतील कंडेन्सर. रबर कडक होतें, कंडेन्सर सुकतात. तेव्हां "कांहींच बदललें नाहीं, सर्व मूळचें आहे" ही नेहमींच स्तुति नसते. हें सर्व पावतीवर लिहून घ्यावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दोन वर्षांच्या आंत आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करतां येते; पण हातीं कागद नसेल तर आपलें म्हणणें सिद्ध करणें कठीण.

घरीं येऊन मीं यंत्र मांडलें. नारळ या वेळीं फोडला नाहीं. वहिनींनीं तीच तबकडी स्वतः उलटी करून ठेवली. गाणें संपेपर्यंत स्वयंपाकघरांतून कोणी भांडें वाजविलें नाहीं. मग त्या म्हणाल्या, "भावजी, आबांना हीच बाजू आवडायची." बिघडलेली बाजू कोणती गाणी होती, तें मीं अजून त्यांना विचारलेलें नाहीं.